जावयांचे सोवळे

दर दिवाळीला या पानावर मी फराळाचे काही ना काही लिहिते. यंदा मुक्काम इंग्लंडात, लीड्सला, लेकीच्या घरी. आणि विषय, सांगायलाही संकोच वाटतो, बिअर!

आल्या आल्याच लेक म्हणाली, "आई, शनिवारी स्वयंपाकघर त्याला लागेल हं. ओटची स्टाउट करणार आहे." स्टाउट म्हणजे काळी बिअर. माझे तोंड उतरले. माझा थोरला भाऊ दारूपायी गेला. वहिनीच्या पाटल्या एकेक करून कशा गेल्या, ते मी पाहिले आहे. साहेब जावई मी गिळला होता, पण घरात दारू गाळायची?

"अगं, गाळत नाहीत, नुसती आंबवतात," लेक म्हणाली. "आणि चोरून नाही." तिकडे घरच्या बिअरला १८८० पासून परवाना लागे, तो १९६३ साली उठला. विकायची मात्र नाही. (आपल्याकडे परवान्यावाचून हा गुन्हाच, तेव्हा हे पान कुणी कापून ठेवू नये.)

शनिवारी मी पाठ फिरवून बसले. पण चार किलो सातू गरम पाण्यात पडला आणि त्या वासाने माझी मान वळली. सातू म्हणजे जव. मोड आणून वाळवलेला, आपण नाचणीचे सत्त्व करतो तसा. सोबत अर्धा किलो ओटचे पोहे आणि रंगासाठी थोडा काळाकुट्ट भाजलेला सातू. ६७ अंशांवर तासभर झाकून ठेवले की मोडातल्या गुणाने पिठाची साखर होते. ओटला तो गुण नाही, ते सातूच्या जिवावर. पण बिअरला मऊ दाटपणा येतो तो त्यांचाच.

त्यांनीच दगा दिला. तोटीतून रस येईना. जावई घामाघूम! मला राहवेना. "पेज धरलीय," म्हणत उठले, हलक्या हाताने ढवळले, कढत पाणी घातले आणि बसू दिले. कोंडा तळाशी बसून त्याची चाळण झाली, धार लागली. लग्नाला चार वर्षे झाली, पण जावयांनी मोकळेपणाने "आई" म्हटले ते तेव्हा.

पुढे हॉप्सच्या कडू फुलांबरोबर तासभर उकळी, आणि मग सोवळे! बादली, नळी, चमचा, सगळे औषधाच्या पाण्यात. मी नुसती डोकावले तर, "आई, प्लीज, हात!" माझ्या सासूबाईसुद्धा इतक्या कडक नव्हत्या. पण रस निवल्यावर विरजणाखेरीज दुसरा जंतू शिरला तर सारे आंबटढाण. बादली दोन आठवडे जिन्याखाली बुडबुडली. घनतेचा आकडा तीन दिवस हलला नाही, तेव्हा लिटरला सहा ग्रॅम साखर घालून बाटल्या भरल्या. घाई केली तर बाटली फुटते.

उघडायचा दिवस उजाडला भाऊबीजेचा. लेकीने सवयीने तीन पेले मांडले. जावयांनी माझ्यापुढचा न बोलता उचलून ठेवला. त्यांना मामाचे तिने कधी सांगितले, कोण जाणे.

भाऊ गेल्यापासून मी चंद्रालाच ओवाळते. तिन्हीसांजेला निरांजन घेऊन मागच्या अंगणात गेले, तर आभाळ भरलेले. मागून जावई आले. फेसाळ पेला आतच ठेवून, माझी शाल घेऊन. वाऱ्याने ज्योत विझू लागली, तशी त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ तिच्याभोवती धरली.