गच्चीवरची वाळवणं आणि वळीव

चैत्र संपत आला की कोल्हापूरच्या गच्च्या कशा भरून जातात, ते तुम्हाला मी काय सांगायचं! कुरडया, सांडगे, पापड, शिवाय वर्षाच्या चटणीच्या मिरच्या. दुपारी पायाला चटके बसावेत असं ऊन. आणि चारच्या सुमाराला चहाचं आधण ठेवावं, तोच गडगडाट! हातातलं टाकून आपण जिन्याकडे धावतो. मैत्रिणींनो, आज त्या धावण्याविषयीच बोलायचं आहे.

वळीव कसा तयार होतो हे त्या आधणातच दिसतं. पाणी तळाशी तापतं, हलकं होतं, वर येतं. तापलेल्या जमिनीलगतच्या हवेचंही तसंच. अरबी समुद्रावरून सह्याद्री ओलांडून आलेला दमटपणा त्या हवेत असला, की वर जाऊन ती गार होते आणि झाकणाला आतून जमतात तसे तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. गंमत अशी, की वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. (वाफेचा चटका एवढा झोंबतो तो त्यामुळेच बरं का!) त्या उष्णतेनं ढग आणखी चढतो. दुपारी कापसाच्या पुंजक्याएवढा दिसलेला ढग तासा-दोन तासांत १०-१२ किलोमीटर उंच होतो. वर कडाक्याची थंडी. तिथे बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आपटतात आणि ढगात वीज साठत जाते. पाऊस पडू लागला की त्याच्याबरोबर वरची गार हवाही धाडकन खाली येते. अंगणात एकाएकी धूळ उडवणारा गार वारा तो हाच.

आपण सगळ्याजणी थेंब पडायची वाट बघतो, तिथेच चुकतं. वीज पावसाच्या आधीही पडते, ढगापासून १० किलोमीटरवरही पडते. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून ३ ने भागा. तितके किलोमीटर ती दूर. पण खरं म्हणजे गडगडाट ऐकू आला, की मोजत बसण्यातही अर्थ नाही. त्या वेळी गच्चीवर सगळ्यांत उंच आपणच, आणि हाताशी कपड्यांची लोखंडी तार! पापड जाऊ देत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर पाऊल टाकू नका. घरातही टी.व्ही., मिक्सरचे प्लग काढा, नळाखाली भांडी घासत बसू नका.

पायाळू माणसावर वीज पडते, असं आपल्याकडे अजून सांगतात. पायाळू मुलाला घरात बसवायचं आणि त्याच्या आईनं गच्चीवर धावायचं, हा कुठला न्याय? विजेला जन्माची हकिकत ठाऊक नसते.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. हात लावायला भिऊ नका. श्वास थांबला असेल तर १०८ ला फोन करून छाती दाबायला लागा.

आता वाळवणाचं. ती जुन्या सुती साडीवर घालावीत, म्हणजे चार टोकं धरली की गाठोडं. पश्चिमेला ढग कोबीच्या गड्ड्यासारखा फुगू लागला, की तेव्हाच उचला. मोबाईलवर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ घेतलंत तर जवळपासच्या विजांची सूचना मिळते. आणि कुरडया भिजल्याच, तर रात्रभर पंख्याखाली पसरून सकाळी उन्हात टाका. थोड्या चिरतील, पण तळल्यावर कुणाला कळतंय?