बांगडा कल्ला उघडून बघतो, मग एंजल डोळे मिटून का घेतो?

आज नगरपरिषद नाही, रस्ता नाही, खड्डे नाहीत. आज माशावर लिहितोय. हसू नका. कारण हा विषयही शेवटी तिथेच जाऊन थांबतो जिथे आपले बाकीचे सगळे थांबतात. विकणारा सांगत नाही, घेणारा विचारत नाही आणि ज्यांनी बघायचं ते बघत नाहीत.

आपल्या कोकणपट्टीतल्या गावांमध्ये हल्ली खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाक्या वाढल्यात. दवाखान्यात, हॉटेलच्या गल्ल्याशेजारी, नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये. हौसेला माझा विरोध नाही. पण टाकी घेतली की लोक पहिला हट्ट धरतात तो ‘ड्वार्फ एंजल’चा. नारिंगी-लाल फ्लेम एंजल, जांभळा-केशरी कोरल ब्यूटी, अर्धा पिवळा अर्धा निळा बायकलर. मोबाइलवर फोटो बघायचा, दुकानदाराला दाखवायचा, हजारो रुपये मोजायचे आणि पिशवीत मासा घेऊन घरी यायचं. झाली निवड!

आता सकाळी बाजारात काय करतो ते आठवा. शंभर-दोनशे रुपयांचा बांगडा घ्यायचा तर आपण कल्ला उघडून लाल आहे का बघतो, बोटाने दाबतो, डोळे तपासतो. वर मावशींना विचारतो, “आजचा की बर्फातला?” मावशी चिडतात, पण उत्तर देतात. आणि जो मासा आपल्या घरात वर्षानुवर्षं जगायला हवा, त्याच्याबद्दल एक प्रश्न नाही. कुठल्या समुद्रातला? कसा पकडला? इथे येऊन किती दिवस झाले? खातो का? काही नाही. रंग आवडला, संपलं.

दुकानात सांगतात, “ड्वार्फ आहे, छोटाच राहतो, दोन फुटी टाकीत चालेल.” इथेच पहिली फसवणूक. हा मासा ‘बुटका’ ठरतो तो मोठ्या एंजलच्या तुलनेत. एम्परर एंजल 40 सेंटीमीटरपर्यंत वाढतो, त्याच्यापुढे हा दहा-बारा सेंटीमीटरचा म्हणून बुटका. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरलं तरी 56-57 लिटर पाणी बसतं. या माशाला किमान 200 लिटरच्या पुढची टाकी लागते. तो दिवसभर खडकांच्या कपारीतून फिरत शेवाळ टिपणारा प्राणी आहे. कालपरवा पाणी भरलेल्या कोऱ्या टाकीत त्याला टिपायला काय मिळणार? टाकी काही महिने मुरलेली हवी, खडकावर शेवाळ धरलेलं हवं. “जोडी घ्या, शोभा येते” हा दुसरा सल्ला. खुल्या समुद्रात एक नर आणि चार-दोन माद्या असा यांचा कळप असतो. सगळे आधी मादीच असतात, त्यातली दांडगी पुढे नर होते. पण छोट्या टाकीत दोघांना कोंडलं की एक दुसऱ्याचे पर कुरतडून त्याला मारतो. शोभा राहते बाजूला.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी ही पोस्ट लिहितोय.

‘निमो’वाला क्लाउनफिश आज हॅचरीत सहज तयार होतो. तो खडकावर अंडी चिकटवतो, राखण करतो, पिल्लं रोटिफर खातात. आपल्याकडे केंद्र सरकारच्या मत्स्यसंशोधन संस्थांनी हे तंत्र कधीच बसवलंय. ड्वार्फ एंजलचं तसं नाही. तो संध्याकाळच्या वेळी वर येऊन पाण्यात अंडी सोडतो, ती तरंगत जातात, आणि त्यातून निघणारी पिल्लं इतकी बारीक की रोटिफरसुद्धा त्यांच्या तोंडाला मोठं पडतं. हवाईसारख्या ठिकाणी काही जणांनी वर्षानुवर्षं डोकं घालून ही पैदास जमवली. पण बाजारात येणारे बहुतेक ड्वार्फ एंजल आजही थेट समुद्रातून पकडलेले असतात.

आणि पकडतात कसे? चांगला पाणबुड्या जाळं लावतो आणि हातजाळीने एकेक मासा काढतो. वाईट पाणबुड्या बाटलीत सोडियम सायनाइडचं पाणी भरतो आणि प्रवाळाच्या कपारीत पिचकारी मारतो. मासा गुंगतो, हाताने उचलता येतो. फिलिपिन्समध्ये 1960 च्या दशकात ही पद्धत सुरू झाली, पुढे इंडोनेशियात पसरली. कायद्याने बंदी आहे, तरी थांबलेली नाही. त्या पिचकारीत प्रवाळ मरतो, आजूबाजूची छोटी मासळी मरते. पकडलेला मासा दुकानापर्यंत कसाबसा तगतो, कधी धडधाकटही दिसतो, आणि आपल्या घरी येऊन काही दिवसांत कित्येकदा उलटा तरंगतो. मग दुकानदार म्हणतो, “तुमच्या पाण्यात प्रॉब्लेम असेल.” आपण मान डोलावतो आणि दुसरा घेतो. म्हणजे एका मेलेल्या माशावर दोघांचा धंदा, आणि नाव आपल्या पाण्याचं!

कोणी म्हणेल, भाऊ, तुम्ही रोज मासे खाता आणि आम्हाला शिकवता? खातो की. पण खाल्लेला बांगडा कुठल्या बंदरात उतरला ते मला माहीत असतं. दुसरं कोणी म्हणेल, तिकडच्या गरीब मच्छीमाराच्या पोटावर पाय का देता? उलट आहे. जाळ्याने पकडणाऱ्याचा प्रवाळ शाबूत राहतो, त्याच्या पोरालाही उद्या तिथे मासा मिळेल. सायनाइडवाला स्वतःच्या पोराचं शेत जाळतोय. आपण न विचारता घेतो तेव्हा दोघांना एकच भाव देतो. मग मेहनत कोण करेल?

कायदा काय करतो? मे 2017 मध्ये केंद्राने मत्स्यालय दुकानांसाठी नियम काढले होते. त्यात कितीतरी सागरी शोभिवंत माशांच्या विक्रीवर सरसकट बंदी होती. विरोध झाला, नियम मागे घेतले गेले. सरसकट बंदी मलाही नको होती. पण बंदी गेली तिच्याबरोबर नोंदणी, तपासणी हेही गेलं. आधी कुऱ्हाड, मग मोकळं रान. मधला रस्ता आपल्याकडे कोणाला सुचतच नाही.

एक गोष्ट मात्र आजही स्पष्ट आहे. “ओरिजिनल प्रवाळ देतो, मासा खूश राहील” असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. मालवणचा असो की लक्षद्वीपचा, हॉलच्या शोभेसाठी तुरुंग परवडणार नाही.

आणि आपल्या महावितरणची कृपा विसरू नका. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. खाऱ्या टाकीत पंप बंद पडला की काही तासांत प्राणवायू संपत येतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप नसेल तर एंजलचा विचारही नको. तो मासा तुमच्या इन्व्हर्टरवर जगतो, फेसबुकवरच्या फोटोवर नाही.

तरीही घ्यायचाच असेल तर? सरळ सांगतो.

पहिल्या टाकीत घेऊ नका. सुरुवात हॅचरीतल्या क्लाउनफिशने करा. वर्षभर टाकी नीट चालली तर एंजलकडे वळा. त्यातल्या त्यात काटक कोरल ब्यूटी, मग फ्लेम. बायकलर दिसायला देखणा, पण टाकीत न टिकणारा म्हणून बदनाम. नवख्याने हात लावू नये. टाकीत एकच ठेवा. महाग पोवळी, शिंपले पाळले असतील तर विसरा. हा मासा कधी त्यांना टोचायला लागेल याचा भरवसा नाही. आणल्यावर चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा.

आणि दुकानात हे पाच प्रश्न विचारा:

1. जात नेमकी कोणती आणि कुठल्या देशातून आला?
2. हॅचरीतला की समुद्रातला? समुद्रातला असेल तर जाळ्याने पकडला याची खात्री कोण देतो?
3. दुकानात येऊन किती दिवस झाले? दोन आठवडे झाले नसतील तर ॲडव्हान्स द्या, मासा तिथेच ठेवा.
4. माझ्यासमोर खायला घाला. खात नसेल तर नको.
5. बिलावर हे सगळं लिहून द्याल का?

पाचव्या प्रश्नाला दुकानदाराचा चेहरा बघा. निम्मं उत्तर तिथेच मिळेल. प्रामाणिक दुकानदारही आहेत, त्यांना या प्रश्नांचा राग येणार नाही; उलट त्यांचा धंदा वाढेल.

जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे माझी मागणी एवढीच आहे. शोभिवंत मासे विकणाऱ्या प्रत्येक दुकानाची नोंद ठेवा, आणि जात, मूळ ठिकाण, आल्याची तारीख ही तीन माहिती टाकीवर लावायला सांगा. औषधाच्या पाकिटावर तारीख असते, बिस्किटाच्या पुड्यावर असते. हजारोंच्या जिवंत प्राण्यावर का नको? या मागणीचा लेखी अर्ज मी सोमवारी कार्यालयात देतोय. सह्या करायच्या असतील त्यांनी कमेंटमध्ये नाव लिहा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहे इथेच. पण पुढच्या वेळी दुकानात रंगावर भाळण्याआधी, बांगड्याचा कल्ला उघडतो तसं एकदा तोंड उघडा आणि विचारा.