दाराबाहेर पडलेली दोन मुले

अ‍ॅनिमेशनपट म्हटला की तो मुलांसमोर निर्धास्तपणे लावून वडीलधाऱ्यांनी स्वयंपाकघराकडे वळावे, असा अनेक घरांचा परिपाठ असतो. ‘होतारु नो हाका’ अर्थात ‘काजव्यांचे थडगे’ या जपानी चित्रपटापुरता तरी तो मोडावा लागेल. इसाओ ताकाहाता यांनी स्टुडिओ जिब्लीसाठी केलेला हा चित्रपट १६ एप्रिल १९८८ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला, तो हायाओ मियाझाकी यांच्या ‘माय नेबर टोटोरो’ या प्रसन्न बालपटाच्या जोडीने, एकाच खेळात. टोटोरो पाहून हसलेली मुले हा चित्रपट पाहून कशी घरी गेली असतील, याची कल्पनाच केलेली बरी! पुढे तो डीव्हीडी व ब्लू-रेवर आला आणि सप्टेंबर २०२४ पासून जपानबाहेरच्या प्रेक्षकांसाठी नेटफ्लिक्सवरही उपलब्ध झाला. घरच्या पडद्यावर त्याची गाठ आता अधिक सहज पडू शकते, म्हणून हा परिचय.

शेवट लपवून ठेवण्याचा प्रयत्न चित्रपट स्वतःच करीत नाही. २१ सप्टेंबर १९४५ च्या रात्री कोबे शहरातील सान्नोमिया स्थानकात चौदा वर्षांचा सेइता खांबाला टेकून उपासमारीने प्राण सोडतो. सफाई कामगार त्याच्याजवळचा फळांच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा बाहेरच्या गवतात भिरकावतो. डब्यातून हाडांचे तुकडे सांडतात. ती चार वर्षांच्या सेत्सुकोची, त्याच्या धाकट्या बहिणीची, हाडे आहेत. त्यानंतर कथा काही महिने मागे जाते. जून महिन्यात लाकडी घरांच्या वस्तीवर आगलावे बॉम्ब पडतात, आई भाजून मरण पावते, नौदलात अधिकारी असलेले वडील समुद्रावर असतात, आणि दोघे भावंडे दूरच्या नात्यातील एका मावशीकडे आश्रयाला जातात.

चित्रपटाचे मर्म या मावशीच्या घरात आहे. बॉम्बहल्ल्याच्या दृश्यांत ते शोधू नये. ही स्त्री दुष्ट नाही. प्रथम ती मुलांना ठेवून घेते. सेइताने जमिनीतून उकरून आणलेला शिधा कोठीत जातो, आईचे किमोनो विकून तांदूळ येतो आणि सेत्सुको ते वस्त्र धरून आक्रोश करते. मग हळूहळू वाढण्याच्या पळीत फरक पडू लागतो. कामावर जाणाऱ्या मुलीला आणि भाडेकरूला घट्ट भात, या दोघांना वरचे पाणी. राबणाऱ्याने खावे, बसून खाणाऱ्याने लाज धरावी, असे तिचे साधे गणित आहे, आणि टंचाईच्या काळात कोणत्या घरात ते मांडले गेले नसेल? तिचा आवाज एकदाही फारसा चढत नाही. म्हणूनच तिचे बोलणे ऐकवत नाही.

पण दिग्दर्शकाने सेइतालाही सोडलेले नाही. आपली चूल वेगळी मांडून तो आधी तिथेच राहतो, नंतर बहिणीला घेऊन तळ्याकाठच्या एका ओसाड आसऱ्यात निघून जातो. आईने बँकेत सात हजार येन ठेवलेले असतात. परंतु शेतकऱ्याकडे धान्य विकायला उरलेले नसते. तो शेतकरी त्याला सांगतो, मावशीची क्षमा माग आणि परत जा. सेइता जात नाही. पुढे तो शेतांतून चोरी करतो, मार खातो, हल्ल्याच्या वेळी रिकाम्या घरांत शिरतो. डॉक्टर सेत्सुकोला तपासून पोषण हवे एवढेच सांगतात. ते कुठून आणायचे, हे कोणीच सांगत नाही. घरी पाहताना हा प्रसंग थांबवून पुन्हा पाहावा. मुलाचा अभिमान दोषी, की त्याला माघारी फिरणे अशक्य वाटावे असे वागणारी मोठी माणसे, हा वाद एकाच घरातील दोन पिढ्या वेगवेगळ्या तऱ्हेने घालतील.

मूळ कथा अकियुकी नोसाका यांची, १९६७ सालची. तिला नाओकी पुरस्कार मिळाला. नोसाकांची धाकटी बहीण युद्धकाळात उपासमारीने गेली होती आणि मिळालेले अन्न आपण आधी स्वतः खाल्ले, ही टोचणी त्यांनी उघडपणे बोलून दाखवली होती. कथेतला भाऊ त्यांच्यापेक्षा चांगला आहे. ताकाहाताही जून १९४५ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, ओकायामावरील हवाई हल्ल्यातून वाचले होते. आपला चित्रपट केवळ युद्धविरोधी मानला जावा हे त्यांना मान्य नव्हते. समाजापासून तुटून दोघांपुरता संसार मांडू पाहणाऱ्या मुलांचे अपयश त्यांना दाखवायचे होते.

उणे एकच. सेत्सुको गेल्यानंतर तळ्यापलीकडच्या घरात ग्रामोफोनवर एक जुने इंग्रजी गीत लागते आणि तिच्या खेळण्याबागडण्याची दृश्ये एकामागून एक येतात. चिखलाचे भातगोळे भावाला वाढणारी आणि मेलेल्या काजव्यांना पुरताना आईचाही मृत्यू आपल्याला ठाऊक असल्याचे सांगणारी सेत्सुको पाहिलेल्या प्रेक्षकाला रडवण्यासाठी त्या गीताची गरज नव्हती.

इंग्रजी संवादांची आवृत्तीही आहे. परंतु मूळ जपानी ध्वनी आणि खाली उपशीर्षके हीच निवड योग्य. सेत्सुकोला आवाज देणारी अयानो शिराइशी त्या वेळी जेमतेम पाच वर्षांची होती. तिचे बोलणे आधी ध्वनिमुद्रित करून मागाहून चित्रे त्याला जुळवण्यात आली. तो अडखळता, लाडिक सूर भाषांतरात उतरत नाही. लांबी दीड तासाच्या आतली आहे. दहा-बारा वर्षांखालील मुलांना तो दाखवू नये. त्यापुढच्या मुलांना दाखवावा, मात्र त्यांना एकटे बसवू नये, आणि शक्यतो रात्रीच्या जेवणानंतर लगेच लावू नये. मुले प्रश्न विचारतील, त्यासाठी वेळ मोकळा हवा.