फ्रीजलाही श्वास घेऊ द्या!

अमेरिकेत नोकरी करताय आणि लाँग वीकेंडला ग्रुपने आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घेऊन ॲरिझोनाला निघालाय? मस्तच! पण श्रीखंडाचा डबा आत ठेवण्याआधी फ्रीजची पाठ तपासा.

आरव्हीतल्या बऱ्याच फ्रीजना कॉम्प्रेसर नसतोच. १९२२ साली फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी शोधलेलं तंत्र तिथे चालतं. गॅसच्या ज्योतीवर अमोनियाचं द्रावण तापतं आणि आत गारवा तयार होतो. ही सगळी उष्णता बाहेर पडायला हवी ना? खालच्या जाळीतून गार हवा आत येते आणि गरम हवा वरच्या जाळीतून बाहेर जाते, अगदी धुराड्यासारखी. वाट अडली की फ्रीज तापतो आणि दूध नासतं.

म्हणून निघण्यापूर्वी दोन्ही जाळ्यांमागे डोकवा. गांधीलमाश्यांचं पोळं, घरटं, पालापाचोळा दिसला, तर फ्रीज बंद ठेवून साफ करून घ्या. थंडी वाजते म्हणून जाळी झाकू नका. मात्र मागची पोकळी केबिनच्या बाजूने पक्की बंद हवी. ज्योतीतला कार्बन मोनॉक्साइड आत आला तर वासही येत नाही, झोपेतच घात होतो. त्याचा अलार्म चालू आहे ना? मग निघा खुशाल!