रंगाखालचा पत्रा

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ अबिंग्डन नावाचे एक गाव आहे. तेथील कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात ‘एमजीबी’ नावाची बुटकी स्पोर्ट्स कार बाहेर पडत असे. उघड्या आणि बंद अशा दोन्ही टपांच्या मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या तेथे बनल्या. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. गुजरातमधील हलोलहून २०१९ पासून आपल्या रस्त्यांवर आलेली वाहने हेच नाव मिरवतात. नावापलीकडे त्यांचे अबिंग्डनशी नाते उरलेले नाही.

जुनी मोटार बाळगण्याची हौस असलेला नवखा इंग्रज बहुधा याच गाडीपाशी येऊन थांबतो, आणि त्यामागे व्यापारी कारण आहे. पाच लाख गाड्या विकल्या गेल्या म्हणून सुट्या भागांना कायमचे गिऱ्हाईक राहिले, आणि गिऱ्हाईक राहिले म्हणून कारखाना बंद पडल्यानंतरही भाग बनवणारे टिकले. १९८८ पासून तर जुन्या साच्यांवर ठोकलेला नवा कोरा सांगाडाही विकत मिळू लागला. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या मालाचा असा पुरवठा फार थोड्या धंद्यांत आढळेल. मात्र या सुबत्तेनेच नवखा फसतो. सगळे मिळते, तेव्हा सगळे सोपे असणार, असे तो गृहीत धरतो.

ब्रिटनमध्ये मोटारीची दरवर्षी सक्तीची तपासणी होते. परंतु मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना त्यातून सूट मिळाली. आज एकूण एक एमजीबी या वयाची झाली आहे. गाडी रस्त्यावर चालण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकावरच राहते. धोकादायक अवस्थेत चालवल्यास अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे पाहणारा परका डोळा गेला आणि जबाबदारी तेवढी उरली. ज्याने कधी गाडीखाली वाकून पाहिलेले नाही, त्याच्या हाती ही सूट देणे कितपत शहाणपणाचे, हा प्रश्न उरतोच.

पाहायचे काय, तर सर्वांत आधी पत्रा. या गाडीला वेगळी चासी नाही. वळवून जोडलेल्या पत्र्याची पेटी हाच तिचा कणा. दाराखालून लांबीभर जाणारा पोकळ पट्टा, ज्याला तिकडे ‘सिल’ म्हणतात, तो गाडीचा भार पेलतो. हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून ब्रिटिश रस्त्यांवर मीठ टाकतात. ते पाणी या पोकळीत साचते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. वरून पुट्टी भरून, तांबडा रंग मारून, चकचकीत पॉलिश केलेली गाडी अशी खाल्लेली असू शकते. पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पट्ट्यावरून फिरवावे. पुट्टी असेल तेथे ते धरत नाही. गाडी एका बाजूने जॅकवर उचलावी आणि दार उघडून पाहावे. दार अडकले, तर कणा वाकतो आहे असे समजावे. सराफ कस लावतो तितक्याच निर्विकारपणे हे करायला हवे, पण खरेदीच्या दिवशी नवखा गाडीच्या प्रेमात असतो. पुढे सिल बदलण्याची मजुरी ऐकून प्रेम ओसरते, कारण पट्टा स्वस्त असतो आणि तो बसवणारा कारागीर महाग.

मीठ टाळण्यासाठी बहुतेक मालक नोव्हेंबर ते मार्च गाडी घरातच ठेवतात. शिकण्याचे महिने हेच. पहिला धडा हत्यारांचा. या गाडीचे नटबोल्ट इंचांच्या मापाचे. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो आणि नटाचे कोपरे सोलून ठेवतो. दुसरा धडा जिवाचा आहे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. पोलादी घोडे भक्कम जमिनीवर लावून, गाडी त्यांच्यावर टेकवून, हलवून पाहावी आणि मगच आत जावे. मग ग्रीसगन. आजच्या मोटारींना जे कायमचे बंद सांधे असतात ते येथे नाहीत. पुढच्या चाकांच्या किंगपिनना दर तीन हजार मैलांनी ग्रीस द्यावेच लागते. ते चुकले तर सांधा झिजतो आणि स्टिअरिंग जड होत जाते.

इंजिन नीट चालत नाही असे वाटले की नवख्याचा हात प्रथम कार्ब्युरेटरकडे जातो. दोन देखणे पितळी-रुपेरी घुमट समोरच दिसतात आणि त्यांचे स्क्रू फिरवायला सोपे असतात. जाणते मात्र क्रम ठरवून देतात: आधी व्हॉल्व्हचे अंतर, मग डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट, मग ठिणगीची वेळ आणि कार्ब्युरेटर सर्वांत शेवटी. गंमत अशी की व्हॉल्व्ह आणि पॉइंट या दोहोंसाठी फीलर गेजची एकच पाती चालते, एका इंचाच्या हजार भागांपैकी पंधरा भाग जाडीची. व्हॉल्व्ह आठ. कोणता कधी मोजायचा याचा हिशेब नऊच्या बेरजेवर चालतो. आठवा पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिला मोजावा, सहावा उघडा असेल तेव्हा तिसरा, चौथा उघडा असेल तेव्हा पाचवा. दोन्ही आकड्यांची बेरीज नेहमी नऊ. पाढे पाठ असलेल्या माणसाला हे एकदाच सांगावे लागते.

कार्ब्युरेटरला पाळी येते तेव्हा उरलेले काम कानांचे. रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हीकडचा हवेचा फुत्कार ऐकतात. तो सारखा होईतो स्क्रू फिरवतात. नंतर घुमटातला दट्ट्या अगदी केसभर उचलून पाहायचे. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे, इंजिन अडखळले तर कमी. वेग क्षणभर किंचित वाढून पुन्हा स्थिरावला, की मिश्रण जमले. पुस्तकात हे तीन ओळींत असते, हाताला बसायला काही रविवार जातात.

विजेच्या दोषांबद्दल ब्रिटिश हौशी लोक लुकास कंपनीला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणून चिडवत आले आहेत. थट्टा जुनी आहे, पण पुष्कळदा दोष असतो तो पत्र्याशी जोडलेल्या आणि आता गंजलेल्या अर्थिंगच्या टोकाचा. सॅन्डपेपरच्या तुकड्याने दिवे पुन्हा लागतात. एक गोष्ट मात्र खरोखर घातक. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे, आजच्या उलट. न पाहता नवी बॅटरी जोडणाऱ्याला याची किंमत मोजावी लागते.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याकडे वीस टक्क्यांची चर्चा घरोघरी झालेलीच आहे. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने कुजतात, आणि कुजलेली नळी तापलेल्या इंजिनाजवळ ठिबकली तर आग. म्हणून नळ्या नव्या प्रकारच्या घालतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर कमी इथेनॉलचे महाग पेट्रोल भरण्यात कंजुषी करत नाहीत.

ब्रेकविषयी तर कंजुषीचा विचारही नको. जुन्या एमजीबींमध्ये चारही चाकांच्या ब्रेकना एकच तेलवाहिनी असते. एक नळी फुटली की पायाखालचा ब्रेक संपूर्ण जातो, उरतो तो हँडब्रेक. नळी बाहेरून धडधाकट दिसत असताना आतून सुजलेली असू शकते. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते, म्हणून गाडी उभी असली तरी ते दोन वर्षांनी बदलतात. ज्याने मागच्या मालकाच्या पावत्या मागून घेतल्या, त्याला शेवटचे तेल केव्हा बदलले हे कळते. ज्याला पावत्या मिळाल्या नाहीत, त्याने ते बदललेच नाही असे धरून चालावे. गाडी पुढे विकायची वेळ आली, तर हीच वही भाव ठरवते.

सूट असूनही पुष्कळ मालक दरवर्षी पैसे भरून गाडी तपासून घेतात. मार्चअखेर पावसाने रस्त्यांवरचे मीठ धुऊन नेले की गाडी बाहेर काढायची वेळ येते. त्या सकाळी इंजिन सुरू करण्याआधी नवखा मालक आसनावर बसून ब्रेक दाबतो आणि मिनिटभर पाय तसाच रोवून ठेवतो. पेडल हळूहळू खाली जाऊ लागले, तर त्या दिवशी गाडी गॅरेजमध्येच राहते.