विम्याचा कागद आणि रेशनचे कार्ड



संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गल्लीतल्या एक वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, सरकारी योजनेत आता पाच लाखांपर्यंतचा दवाखाना फुकट होतो म्हणे. मग आरोग्य विम्याचा हप्ता भरायचा तरी कशाला? यांना सांगून बंद करून टाकू का?" एका हातात तिळगूळ, दुसऱ्या हातात वाण, मागे बायकांची रांग! मी एवढेच म्हटले, "घाईने काही करू नका, मी सविस्तर लिहिते." म्हणून आजचा हा मजकूर. उन्हाळी पापडांचे पुढच्या खेपेला.

हा विषय मी पुस्तकात शिकले नाही. आमच्या घराने त्याची भरपूर फी मोजली आहे. ती हकीकत आधी ऐका.

२०२१ साली करोनाच्या धास्तीने आम्ही सगळ्या घराचा विमा काढला. एजंट घरी आले, चहापाणी झाले, फॉर्म त्यांनीच भरला. सासूबाईंना तेव्हाच आठ वर्षांची साखर, रोजची गोळी चालू. मी तसे म्हटलेही. ते हसून म्हणाले, "वहिनी, ते लिहिलं तर हप्ता वाढेल, नाहीतर फॉर्मच परत येईल. राहू द्या." सही यांनी केली, पण शेजारी बसून बघत होते मीच. वर्गात मुलांना "आधी प्रश्न नीट वाचा" म्हणून रोज बजावणारी बाई मी, आणि घरच्या कागदावर काय लिहिले ते वाचले नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत सासूबाईंच्या छातीत कळ आली. जाफराबादहून छत्रपती संभाजीनगर गाठेपर्यंत आमचा जीव थाऱ्यावर नव्हता. अँजिओप्लास्टी झाली आणि त्या वाचल्या. दाखल करताना डॉक्टरांनी विचारले, साखर कधीपासून? सासूबाई खरे तेच बोलल्या, "धा वर्षं झाली की!" ते केसपेपरवर उतरले. मग कंपनीचे पत्र आले: आजार लपवला, सबब रक्कम मिळणार नाही. बिल १ लाख ७८ हजारांचे. माझ्या पाटल्या गेल्या, उरलेले भावजींनी दिले. कंपनीशी भांडायचे तर फॉर्मवर मधुमेहापुढे "नाही" असे ढळढळीत लिहिलेले, आणि खाली आमची सही.

याहून जास्त चुटपुट दुसऱ्याच गोष्टीची लागली. आमचे रेशन कार्ड पांढरे, त्यामुळे सरकारी योजना आपल्यासाठी नाहीच असे आम्ही धरून चाललो होतो. पण सासूबाईंच्या नावे दोन एकरांचा सातबारा आहे. आणि आपल्या जालन्यासह मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांतले पांढऱ्या कार्डाचे शेतकरी त्या वेळीही महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसत होते! वर्षाला दीड लाखापर्यंतचा खर्च त्यातून झाला असता. कार्ड आणि सातबारा घेऊन योजनेतला दवाखाना कोणता एवढे विचारायला हवे होते. आम्हाला ते सुचले नाही, आणि कोणी सांगितलेही नाही.

आता पुष्कळ बदलले आहे. राज्य सरकारने जुलै २०२३ मध्ये निर्णय घेऊन ही योजना कार्डाचा रंग न बघता सगळ्यांना खुली केली, आणि कुटुंबामागे वर्षाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेली. १ जुलै २०२४ पासून ते अमलात आले. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राच्या आयुष्मान योजनेत सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वेगळे कार्ड मिळते.

मग वहिनींचे म्हणणे बरोबर की! अर्धे बरोबर. योजना चालते ती यादीतल्या दवाखान्यात आणि यादीतल्या उपचारांना. त्यातली काही ऑपरेशने सरकारी दवाखान्यांसाठीच राखून ठेवलेली आहेत. तुमचा नेहमीचा दवाखाना यादीत असेलच असे नाही. १५५३८८ या नंबरावर फोन करून आजच विचारून ठेवा. रात्री दोन वाजता, पेशंट गाडीत असताना, ते जमत नाही. योजनेतल्या दवाखान्यात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो. आधी त्याला गाठायचे, पैसे भरायच्या खिडकीकडे नंतर.

विम्याचे नियमही आपल्या बाजूने थोडे सरकले आहेत. पूर्वीपासूनच्या आजाराला कंपनी फार तर चार वर्षे थांबवू शकत असे, १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनी ती मर्यादा तीन वर्षांवर आली. सलग पाच वर्षे विमा चालू राहिला की "तुम्ही अमुक सांगितले नव्हते" असे म्हणून कंपनीला पैसे अडवता येत नाहीत. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. मात्र मुद्दाम फसवल्याचे सिद्ध झाले तर ही सवलत नाही, तेव्हा त्या भरवशावर खोटे लिहू नका. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून घरगुती आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. वीस हजारांच्या हप्त्यावर ३,६०० रुपये कर पडत असे, तो आता नाही. पण मूळ हप्ताच वाढवला असेल तर? म्हणून गेल्या वर्षीची पावती शेजारी ठेवून मगच पैसे भरा.

विमा मध्येच सोडला तर भरलेली ही वर्षे वाया जातात, पुन्हा काढताना मोजणी पहिल्यापासून. मोतीबिंदू, हर्निया, गर्भपिशवीचे ऑपरेशन यांनाही बहुतेक कंपन्या वर्ष-दोन वर्षे थांबायला लावतात. कंपनी पसंत नसेल तर मुदत संपण्याआधी अर्ज करून विमा दुसरीकडे नेता येतो, आणि झालेली वर्षे सोबत जातात.

अजून एक, खोलीच्या भाड्याची अट जरूर वाचा. दिवसाला तीन हजारांची मर्यादा असताना सहा हजारांची खोली घेतली, की नुसते भाडेच नव्हे, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही त्याच हिशेबाने निम्मा कापला जाऊ शकतो. पाहुणे भेटायला येतील म्हणून मोठी खोली घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे!

वहिनी, तुमच्याकडे पगार दरमहा येतो, मुले लहान आहेत. तुम्ही विमा बंद करू नका असेच मी म्हणेन. पण हप्त्यासाठी उसनवारी करावी लागत असेल, तर मी आग्रह धरणार नाही. अशा घराने योजनेचे कार्ड तेवढे काढून ठेवावे. आणि कंपनीने विनाकारण अडवले तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, तिथे दाद लागली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे. त्याला फी पडत नाही, वकीलही लागत नाही.

आमच्या सासूबाईंच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९५६ अशी आहे. त्यांचा जन्म म्हणे आखाडातला, पण कार्डाच्या कामी ती १ जानेवारीच उपयोगी पडली. परवा सेतू केंद्रात नेले तर बोटांचे ठसे उमटेनात, जन्मभर धुणीभांडी केलेले हात ते. रविवारी पुन्हा बोलावले आहे. तिथला मुलगा म्हणाला, चेहऱ्याचा फोटो घेऊनही होते. सासूबाईंनी त्या दिवसासाठी हिरवी इरकल काढून ठेवली आहे.