कुठे माशी शिंकली?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, चूकभूल द्यावी घ्यावी! पण एक वाक्प्रचार मला फर्स्ट इयरपासून पाठ आहे. प्रॅक्टिकलला रीडिंग चुकलं की आमचे लॅब असिस्टंट विचारतात, "आता कुठे माशी शिंकली?" मग आपण काय करतो? सीनियरचं जर्नल काढतो, सुंदर ग्राफ छापतो, सही घेतो. माशी गायब!

सुट्टीत बी.एस्सी. करणाऱ्या ताईच्या पुस्तकात खऱ्याच माशीची गोष्ट वाचली. ड्रॉसोफिला, म्हणजे मेसच्या पिकलेल्या केळ्यांवर घोंघावतं ते चिलट. तिचं अंडं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. त्यातून साधारण एका दिवसात आखीव-रेखीव खंडांची अळी बाहेर येते. हे खंड कोण आखतं?

जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये क्रिस्टिआने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी उलटा रस्ता धरला. रसायन देऊन माश्यांचे जीन्स बिघडवले आणि बिघडलेल्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासत बसले. काही अळ्यांचा मधला भागच नव्हता. काहींचा एक सोडून एक खंड गळला होता. काहींत खंड पूर्ण, पण प्रत्येकाच्या अर्ध्या भागाच्या जागी उरलेल्या अर्ध्याचं आरशातलं प्रतिबिंब! चुकांच्या या तीन प्रकारांतूनच तीन पायऱ्या कळल्या: आधी मोठे विभाग, मग पट्टे, शेवटी प्रत्येक खंडाची पुढची-मागची बाजू. १९८० साली त्यांनी असे १५ जीन्स जाहीर केले. १९९५ साली एडवर्ड लुईस यांच्यासोबत नोबेल मिळालं.

पुढे तर आपलं डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच निघालं! 'ईव्हन-स्किप्ड' या जीनचे सात पट्टे उमटतात. त्यातला दुसरा कुठे? जिथे बायकॉइड आणि हंचबॅक ही प्रथिनं आहेत, पण जायंट आणि क्रूपेल नाहीत तिथे. अँड आणि नॉट गेट, दुसरं काय!

मला सगळ्यात आवडली ती नावं. जीन बिघडल्यावर काय होतं, त्यावरून नाव. अळी काटेरी झाली म्हणून 'हेजहॉग'. खंड कमी पडले म्हणून 'फुशी ताराझू', जपानीत 'खंड अपुरे'. चूक लपवली तर नाहीच, उलट तिचं बारसं केलं!

आणि आपण? गेल्या सेमला माझ्या अँप्लिफायरचा गेन निम्माच येत होता. मी ग्राफ छापला, दहापैकी नऊ मिळाले. बिघाड कुठे होता, ते मला आजही माहीत नाही. मित्रांनो, ते नऊ मार्क मला टोचतात.

सर आणि मॅडम, एक विनंती. एका बॅचला दोनच तास मिळतात, त्यात सबमिशनची घाई, हे मान्य. पण जर्नलमध्ये एक पान 'कुठे माशी शिंकली' या नावाचं ठेवा. चुकलेलं रीडिंग आणि त्याचं शोधलेलं कारण तिथे लिहू द्या, आणि मार्क त्या पानालाही द्या.

आणि सीनियर्स, यंदा माझं जर्नल मागायला येऊ नका. त्यात चुका आहेत... माझ्या स्वतःच्या!